टेसर: बंदुकीला पर्याय की संवादाला?

कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर १४ ऑक्टोबर २००७ रोजी पहाटे रॉबर्ट जेकान्स्की या ४० वर्षांच्या पोलिश नागरिकाचा मृत्यू झाला. आईजवळ कायमचे राहण्यासाठी तो पोलंडहून आला होता. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. विमान उतरल्यानंतर सुमारे १० तास तो विमानतळावरच अडकून पडला. बाहेर ताटकळलेली आई, मुलगा आलाच नसावा अशा समजुतीने अखेर घरी परतली. मध्यरात्रीनंतर त्याचा तोल सुटला आणि त्याने तेथील सामानाची आदळआपट सुरू केली. चार पोलीस आले. त्याने टेबलावरचा स्टेपलर हातात घेतला. पोलीस आल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपासच त्याच्यावर टेसर चालविण्यात आला आणि पुढे एकूण ५ वेळा त्याचा वापर झाला. काही मिनिटांतच त्याने प्राण सोडला.

बंदुकीची गोळी टाळता यावी म्हणून जे शस्त्र पोलिसांच्या हाती आले, ते येथे स्टेपलर धरलेल्या, भाषा न समजणाऱ्या, थकलेल्या माणसावर चालविले गेले. टेसरविषयी जगभर चाललेल्या वादाचा गाभा या घटनेत आहे.

टेसर काम कसे करतो?

अमेरिकी शास्त्रज्ञ जॅक कव्हर यांनी १९७० च्या दशकात हे उपकरण विकसित केले. लहान मुलांच्या एका साहसकथेतील काल्पनिक विद्युत रायफलीवरून त्याला नाव मिळाले. घोडा दाबला की दाबाखालील नायट्रोजन वायूच्या जोरावर दोन काटेरी बाण सुटतात. ते बारीक तारांनी उपकरणाशी जोडलेले असतात. दोन्ही बाण कपड्यांत वा त्वचेत रुतले की विद्युतमंडल पूर्ण होते, स्नायू आखडतात आणि माणूस जागीच कोसळतो. घोडा एकदा दाबल्यास धक्क्याचे आवर्तन साधारण ५ सेकंदांचे असते. परंतु घोडा दाबून ठेवला तर ते लांबविता येते आणि पुन्हा पुन्हाही देता येते. दुसरी पद्धत उपकरण थेट अंगाला टेकविण्याची. तिच्यात स्नायूंवर तसा ताबा मिळत नाही, केवळ वेदना होते. मानवाधिकार संघटनांचा सर्वाधिक आक्षेप या दुसऱ्या पद्धतीला आहे.

५० हजार व्होल्टचा आकडा बातम्यांत हमखास येतो. तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. तो हवेतील अंतर ओलांडण्यासाठीचा दाब असून शरीरापर्यंत पोहोचणारा दाब त्याहून पुष्कळच कमी असतो. खरे प्रश्न वेगळे आहेत: विद्युतप्रवाह किती, तो किती वेळ वाहिला, आणि बाण हृदयापासून किती अंतरावर रुतले?

या प्रश्नांवर वैद्यकीय मत दुभंगलेले आहे. निरोगी व्यक्तीला मर्यादित धक्का दिल्यास गंभीर इजेचा वा मृत्यूचा मोठा धोका असल्याचा निर्णायक पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी हृदयरोगतज्ज्ञ डग्लस झाइप्स यांनी ८ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छातीवरील धक्क्याने हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकते, असे त्यांनी मांडले. उत्पादक कंपनीने, म्हणजे आजच्या अ‍ॅक्सॉनने, २००९ मध्येच शक्यतो छातीवर नेम धरू नये अशी सूचना केली होती, हे येथे लक्षात घ्यावे. शिवाय पोलिसांशी ज्यांची गाठ पडते ते नेहमी निरोगी असतातच असे नाही. अमली पदार्थांचा अंमल, हृदयविकार, धावपळीने आलेली दमछाक, मानसिक आजार, यांपैकी काहीतरी बहुधा असतेच. प्रयोगशाळेतील स्वयंसेवक अशा अवस्थेत नसतो.

रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये केलेल्या शोधात, अमेरिकेत पोलिसांनी टेसर वापरल्यानंतर झालेल्या एक हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आढळली. त्यांपैकी १५३ प्रकरणांत शवचिकित्सकांनी टेसरला मृत्यूचे कारण वा सहाय्यक कारण ठरविले होते. उर्वरित प्रकरणांत मृत्यू इतर कारणांनी झाले असू शकतात. म्हणून पूर्ण आकडा टेसरच्या माथी मारणे योग्य नव्हे. मात्र उलट दिशेनेही सावध राहावे लागते. पोलिसांच्या ताब्यातील अनेक मृत्यूंचे कारण म्हणून वर्षानुवर्षे 'उत्तेजित उन्माद' असे निदान लिहिले जात होते. त्याला आधार देणारा स्वतःचा २००९ चा अहवाल अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये मागे घेतला.

पोलिसांची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. हातात चाकू असलेल्या माणसाला काही अंतरावरून रोखता येते, झटापट टळते, पोलिसांना होणाऱ्या दुखापती घटतात. परंतु टेसर आल्याने गोळीबार कमी होतो काय? शिकागोमध्ये २०१० साली गस्तीवरील पोलिसांना टेसर दिल्यानंतर काय झाले, याचा संशोधकांनी अभ्यास केला. पोलिसांच्या दुखापती घटल्या. मात्र बंदुकीचा वापर घटल्याचा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ असा की टेसरने अनेकदा जागा घेतली ती लाठीची, हाताने धरण्याची, आणि काही वेळा थांबून बोलण्याची.

ऑस्ट्रेलियातील कूमा येथे मे २०२३ मध्ये हेच दिसले. एका वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या क्लेअर नाऊलंड यांच्या हातात सुरी होती. त्या चालण्याच्या आधारपट्टीवर, म्हणजे वॉकरवर, रेलून सावकाश पावले टाकत होत्या. त्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे होती. पोलिसाने टेसर चालविला. त्या कोसळल्या, डोक्याला मार बसला आणि आठवडाभरात त्यांचे निधन झाले. येथे मृत्यू ओढवला तो पडल्यामुळे. आखडलेल्या स्नायूंनी हात पुढे करून स्वतःला सावरता येत नाही, ही गोष्ट वयोवृद्धांच्या बाबतीत विजेइतकीच घातक ठरते. २०२४ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात आले. २०२५ मध्ये मिळालेल्या शिक्षेत तुरुंगवास नव्हता.

नियम कोणता असावा?

व्हँकुव्हर प्रकरणाच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवुड यांचा आयोग नेमण्यात आला. समोरची व्यक्ती शारीरिक इजा करीत असेल किंवा ती तत्काळ करील अशी स्थिती असेल तरच टेसर वापरावा, अशी शिफारस त्यांनी २००९ मध्ये केली. केवळ आज्ञा न पाळणे हे कारण पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने त्यांच्या शिफारशी स्वीकारल्या.

'प्राणघातक नसलेले' या विशेषणाचा अनुभव भारतालाही आहे. काश्मीरमध्ये २०१० पासून याच भूमिकेतून छऱ्यांच्या बंदुका वापरात आल्या. २०१६ मध्ये डोळ्यांना झालेल्या इजांनंतर सरकारला मिरचीसदृश द्रव्याच्या 'पावा' नळकांड्यांचा पर्याय पुढे आणावा लागला. उद्या एखाद्या राज्याच्या पोलीस दलाने टेसर मोठ्या प्रमाणावर घ्यायचे ठरविले, तर खरेदीच्या निविदेपूर्वी वापराची मर्यादा लेखी ठरलेली असणे आवश्यक आहे. प्रत्येक वापराची स्वतंत्र तपासणीही हवी. घोडा केव्हा आणि किती वेळ दाबला गेला याची नोंद आधुनिक टेसर स्वतःच ठेवतो. ती नोंद पोलीस दलाबाहेरच्या कोणाला पाहता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

व्हँकुव्हरमध्ये पोलिसांनी प्रथम दिलेली माहिती आणि प्रत्यक्ष घडलेले प्रसंग जुळत नव्हते. एका सहप्रवाशाने केलेल्या चित्रीकरणामुळे ते उघड झाले. पोलिसांचे बळ समर्थनीय नव्हते, असा निष्कर्ष ब्रेडवुड यांनी २०१० मध्ये नोंदविला. आयोगासमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल चौघांपैकी दोघा पोलिसांना २०१५ मध्ये शिक्षा झाली.