अकराच्या सुमारास हात का गळतात?



सकाळी अकराच्या सुमारास पिरनवाडीच्या शिवारात फेरी मारली की एक दृश्य हमखास दिसते. बांधावर चार माणसे टेकलेली, डबी बाहेर निघालेली आणि तळहातावर चुना-तंबाखू मळणे चाललेले. "जरा तरतरी येते," असे त्यांचे म्हणणे. आम्हीही काही वर्षे असेच म्हणत होतो, तेव्हा याविषयी दोन शब्द लिहायला हरकत नसावी.

खरे पाहता त्या वेळी शरीराला तंबाखू नको असते, अन्न हवे असते. हिशेब करून पाहा. रात्रीचे जेवण आठ-साडेआठला आटोपते. पहाटे उठून चहा-बटर, फार तर आणखी एक कप, मग शेणघाण, धारा, डेअरीला दूध घालणे आणि तसेच रानात. न्याहारीचे फडके सुटते दहा-अकराला. म्हणजे साडेतेरा ते पंधरा तास पोटात गोड चहाखेरीज काही नाही. साखरेने थोडा वेळ बरे वाटते, पुढे पाय जड होतात, डोके ठणकते आणि क्षुल्लक कारणावरून गड्यावर ओरडणे होते. रात्रभर वैरण न घातलेला बैल आपण औताला जुंपत नाही. स्वतःला मात्र रोज जुंपतो.

तंबाखूने भूक मरते आणि नाडी जलद चालते. यालाच आपण तरतरी समजतो. तास-दोन तासांत तिचा अंमल उतरू लागला की मरगळ येते, आणि ती घालवायला पुन्हा चिमूट लागते. म्हणजे तंबाखू जी सुस्ती घालवते ती बरीचशी तिनेच आणलेली असते. घरातल्या मिश्रीची गोष्टही वेगळी नाही. तोंडाच्या कॅन्सरचे भय तर आहेच.

निपाणीकडे ज्यांची शेती किंवा सोयरीक आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दवाने किंवा पावसाने ओली झालेली तंबाखूची पाने हाताळताना निकोटिन कातडीतून अंगात शिरते. मळमळ, चक्कर, गळून जाणे ही त्याची लक्षणे. "ऊन लागले" म्हणून पुष्कळ लोक ती अंगावर काढतात. भावासाठी १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी केवढे आंदोलन केले, हे ठाऊक असताना हे पीकच घेऊ नका असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. पण दव वाळल्यावर पानांना हात लावावा, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावेत, भिजलेले कपडे बदलावेत आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत, एवढे करता येते.

न्याहारीसाठी काही विकत आणावे लागत नाही. उठल्यावर तांब्याभर पाणी प्यावे आणि रानात जाण्यापूर्वी रात्रीची भाकरी किंवा वाडगाभर नाचणीची आंबील ताक घालून घ्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच दुधात त्याच्या निम्मेही नसते. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारा आपला मसूर प्रथिनांना उत्तम. तो सगळा बाजारात घालून मुलांना बिस्किटे आणणे हा कुठला व्यवहार?

मात्र जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचे अंतर ठेवावे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबाची फोड पिळली तर ते अधिक लागते. हे विशेषतः घरातल्या बायकांसाठी लिहीत आहोत. सगळ्यांच्या भाकऱ्या बांधून देणारी बाई स्वतः मात्र बारापर्यंत चहावरच असते, आणि मग भांगलताना डोळ्यांपुढे अंधारी आली की "उष्णता झाली" म्हणते. अशा वेळी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. पहिली भाकरी तिने खावी आणि मग बाकीच्यांच्या थापाव्यात, असे सुचवले तर सासूबाई रागावतील काय?

झोपेचे दुखणे अवघड आहे. थ्री फेज वीज रात्री आली तर उसाला पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. काही घरांत शेतीही आणि उद्यमबागेतली रात्रपाळीही. झोप मोडलीच तर दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे पडावे. दोन तास घोरत पडले तर उठल्यावर डोके अधिक जड होते आणि रात्रीची झोपही जाते. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद ठेवावा. अंथरुणात मोबाईल बघण्याविषयी घरातल्या पोरांना काय सांगायचे, आम्हीही त्यातलेच!

दिवसभर राबलेला माणूस दिवेलागणीला कडबाकुट्टीसमोर उभा राहतो, याची आम्हाला फार भीती वाटते. डोळे पेंगत असतात, उजेड कमी असतो, वैरण रेटताना हात किती पुढे गेला हे कळत नाही. यंत्र क्षणभरही थांबत नाही. गेलेली बोटे परत येत नाहीत, आणि मग औतही दुसऱ्याला सांगावे लागते. दोन वेळची कुट्टी सकाळी न्याहारीनंतर, डोके ताजे असताना करून ठेवावी. वैरण पोत्यात न कोंबता सावलीत पातळ पसरून ठेवली की संध्याकाळपर्यंत चांगली राहते.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांनी पहिली चिमूट न्याहारीच्या मागे ढकलून सुरुवात करावी, मग दुपारची गाळावी. पूर्ण सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड फार होते, दोन-चार आठवड्यांत ती ओसरते. तोवर खिशात बडीशेप ठेवावी, आणि घरच्यांनी त्या दिवसांत हिशेबाच्या गोष्टी काढू नयेत.