पुसदच्या उन्हात लाकडी घर

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुसदमधल्या पत्र्याच्या खोलीत उभे राहा. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. त्याच खोलीतला सागवानी खांब मात्र पोळत नाही. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या जवळपास एक दशांशच वाहते. पण नुसता लाकडी सांगाडा घर गार ठेवत नाही.

जुन्या धाब्याच्या घरांत सागाच्या सऱ्यांवर माती अंथरलेली असे. फूटभर मातीतून दुपारची धग आत उतरायला आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि माणसे अंगणात बाजेवर असतात!

आज बांधणाऱ्याने पैसा आधी छतावर घालावा, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. पत्राच हवा असेल तर खाली वीतभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे लावा आणि तापलेली हवा निघून जायला झरोके ठेवा. वरून दरवर्षी चुना मारा. पांढरा चुना बरेचसे ऊन परतवतो.

भिंतीला पऱ्हाटीचा कूड, दोन्ही बाजूंनी जाड लिंपलेला. पश्चिमेला पडवी हवीच. बाहेरून लाकडी फळ्या मला इथे पटत नाहीत. ऊन, पाऊस आणि वाळवी त्यांना टिकू देत नाहीत. खांबही मातीत पुरू नका, दगडी तळखड्यावर उभे करा.

थंडीच्या रात्रींना गोधडी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका: तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.