मंगळाजवळ अडकलेला अँटेना आणि तुमच्या घरातला मेजरिंग टेप

स्टीलचा मेजरिंग टेप डबीत गोल गुंडाळून बसतो. बाहेर ओढला की तीच पातळ पट्टी हवेत काठीसारखी ताठ राहते. अजून ओढली की 'कट्ट' आवाज करत एकदम दुमडते. पण तुटत नाही, सोडली की पुन्हा सरळ!

इंजिनिअरिंगमध्ये अशा पातळ आणि वक्र रचनेला 'थिन शेल' म्हणतात. याच गुणावर एका मंगळ मोहिमेतलं रडार अवलंबून होतं.

ताकद येते कुठून?

एक साधा कागद एका टोकाला धरा. तो लोंबकळतो. आता त्याला उभ्या पन्हळीसारखा थोडा बाक द्या. तोच कागद ताठ होतो.

पातळ पत्रा वाकवणं सोपं असतं, ताणणं मात्र अवघड. एकदा आडव्या दिशेने बाक दिला की लांबीच्या दिशेने वाकवताना त्याच्या कडा ताणाव्या किंवा दाबाव्या लागतात. म्हणून तो विरोध करतो.

जोर मर्यादेपलीकडे गेला, की त्या जागचा बाक क्षणात सपाट होतो आणि पट्टी दुमडते. याला 'बकलिंग' म्हणतात. टेप उलटा, म्हणजे फुगीर बाजू वर करून धरून बघा. तो लवकर दुमडेल, कारण आता कडांवर ताण नाही, दाब येतो.

दुमडलेल्या जागी ऊर्जा साठून राहते. म्हणूनच मोटर नसतानाही तो उलगडतो.

मंगळावर काय झालं?

युरोपियन स्पेस एजन्सीचं 'मार्स एक्सप्रेस' यान २००३ मध्ये निघालं. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या त्याच्या 'मार्सिस' रडारला २० मीटर लांबीचे दोन अँटेना हवे होते. एवढी लांब काठी रॉकेटमध्ये मावणार कशी? म्हणून फायबरग्लास आणि केव्हलारच्या पोकळ, पातळ नळ्या घडी घालून पेटीत बसवल्या. पेटी उघडली की नळ्या आपोआप उलगडणार होत्या.

पण साठलेली ऊर्जा दुधारी असते. अँटेना उघडताना चाबकासारखा उलटून यानावरच आदळू शकतो, असं नव्या सिम्युलेशनमध्ये दिसलं. त्यामुळे २००४ मध्ये ठरलेलं काम वर्षभर पुढे गेलं.

४ मे २००५ ला पहिला अँटेना उघडायला घेतला. १३ पैकी १२ भाग लॉक झाले, एक अडकला. अवकाशातल्या थंडीत बराच काळ घडी राहिल्याचा परिणाम नळीच्या मटेरियलवर झाला असावा, असा अंदाज होता.

तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही. मग टीमने सुमारे ६८० किलोचं यानच फिरवलं आणि अँटेनाची थंड बाजू तासभर सूर्याकडे धरली. उष्णतेने ती बाजू प्रसरण पावली आणि अडकलेला भाग जागेवर बसला. ११ मे रोजी सगळे भाग लॉक झाल्याचं स्पष्ट झालं. जूनमध्ये दुसरा अँटेना उघडताना सांध्यांना ऊन मिळेल असं यान आधीच फिरवत ठेवलं होतं.

पुढे काय?

याच रडारच्या माहितीवरून २०१८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ, बर्फाखाली सुमारे दीड किलोमीटरवर द्रवरूप पाणी असल्याचा दावा केला. त्यावर अजून वाद आहे. पण तो वाद घालायला लागणारा डेटा मिळाला, तो एका हट्टी घडीला ऊन दाखवल्यामुळे.