'वॉल-ई'मधले जहाज कलते तेव्हा

अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला 'वॉल-ई' हा पिक्सारचा ॲनिमेशन चित्रपट 2008 साली आला. कचऱ्याने भरलेल्या पृथ्वीवर एकटाच उरलेला एक यंत्रमानव, आणि सातशे वर्षे 'ॲक्सिअम' नावाच्या प्रचंड अवकाशयानात खुर्चीत पडून राहिलेली माणसे, अशी त्याची गोष्ट. संवाद थोडे असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनाही ती कळायला अडचण पडत नाही. करमणूक म्हणून चित्रपट दाखवावाच; पण त्यातले दोन प्रसंग विज्ञानाच्या तासालाही फार कामाचे आहेत. एक बरोबर आहे, दुसरा चूक. चुकीचा अधिक कामाचा.

बरोबर प्रसंग आधी पाहू. यानाबाहेर पोकळीत सापडलेला वॉल-ई आग विझवण्याच्या नळकांड्याचा फवारा सोडतो आणि उलट दिशेला सरकतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे पालक कामाला आहेत त्या मुलांना असे लाल नळकांडे माहीत असते. 'बाहेर हवाच नाही, मग फवारा ढकलतो कशाला?' ही शंका वर्गात हमखास येते. ती हास्यास्पद मानू नये. 1920 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या अग्रलेखात याच मुद्द्यावरून रॉबर्ट गॉडार्ड यांची टर उडवली होती. दुरुस्ती छापली ती 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी! फवारा हवेला ढकलत नाही. नळकांडे वायूला मागे ढकलते आणि वायू नळकांड्याला पुढे. समजा, नळकांड्यासह माणसाचे वस्तुमान 100 किलो आहे आणि 4 किलो वायू सेकंदाला 50 मीटर वेगाने बाहेर पडला. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून माणसाला सेकंदाला सुमारे 2 मीटर वेग मिळेल. वायू संपला तरी हा वेग संपणार नाही. (फवाऱ्याची रेघ शरीराच्या वस्तुमानकेंद्रातून गेली नाही, तर माणूस भोवऱ्यासारखा गरगरेल, हेही मुलांना विचारावे.)

आता दुसरा प्रसंग. कप्तान आणि स्वयंचलित सुकाणू यांच्या झटापटीत ॲक्सिअम कलते आणि सगळे प्रवासी घसरत एका बाजूला जाऊन आदळतात. पाहताना हे अगदी स्वाभाविक वाटते, कारण आपल्या ओळखीच्या होड्या अशाच कलतात. दासगावजवळ सावित्रीच्या खाडीत होडी कलली की माणसे घसरतात. होडी कलली तरी पृथ्वीची 'खालची' दिशा बदललेली नसते. पण ॲक्सिअममधली 'खालची' दिशा यानानेच तयार केलेली असणार. यान स्वतःभोवती फिरवून किंवा इंजिनाने सतत वेग वाढवत ठेवून अशी दिशा निर्माण करता येते. कोणत्याही रीतीने केली तरी ती यानाबरोबरच वळेल. कलतानाच्या झटक्याने माणसे क्षणभर धडपडतील, हे खरे; पण यान कललेल्या स्थितीत स्थिर राहिल्यावर घसरायला कारणच उरत नाही.

यावर एखादी चौकस मुलगी म्हणेल, 'जवळ एखादा ग्रह असेल, त्याचे गुरुत्व ओढत असेल.' खरी गंमत इथे आहे. इंजिन बंद ठेवून ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानालाही गुरुत्व ओढतेच. पण ते यानाला आणि आतल्या माणसाला सारखेच त्वरण देते, म्हणून माणूस जमिनीवर घसरत नाही.

हे पटवायला रायगडासारखी जागा नाही. न्यूटनने उंच डोंगरावरून तोफगोळा डागण्याची कल्पना मांडली होती. आपण रायगडाच्या माथ्यावरून दक्षिणेकडे आडवा दगड फेकू. हवेचा विरोध, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि वाटेतले डोंगर सोडून द्यावेत. वेग थोडा असेल तर दगड पायथ्याशी पडेल. बराच वाढवला तर महाडपाशी, आणखी वाढवला तर पोलादपूरच्या पुढे. कोणताही दगड पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे साधारण 8 किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभागही जवळजवळ तेवढाच खाली वळतो. म्हणजे सेकंदाला सुमारे 7.9 किलोमीटर वेगाने फेकलेला दगड पडतच राहील, पण जमीन त्याला गाठणार नाही. साधारण 84 मिनिटांनी तो उत्तरेकडून परत रायगडावर येईल!

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक असेच पडत असते. जून-जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तिथे राहून आले (त्यांच्या मोहिमेचे नावही 'ॲक्सिअम-4' होते, हा योगायोग मुलांना आवडेल). जमिनीपासून 400 किलोमीटर उंचीवर गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे 89 टक्के असते. 'अवकाशात गुरुत्व नसते' असे समजणारा विद्यार्थी दहावीच्या पहिल्या धड्यातली सूत्रे वापरून गुण मिळवील. पण चंद्र पृथ्वीला सोडून का जात नाही, याचे उत्तर त्याला देता येणार नाही.

प्रयोग फुकटातला आहे. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण काढून ठेवा. धार सुरू होईल. मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाटली सरळ खाली सोडा. खाली कोणी उभे राहू देऊ नका. चार मीटर पडायला सुमारे 0.9 सेकंद लागतात आणि तेवढा वेळ धार थांबते. एका विद्यार्थ्याला मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करायला सांगितले, तर सगळ्या वर्गाला ते पुन्हा पुन्हा पाहता येईल.

चित्रपटातली आणखी एक विसंगती दहावीच्या मुलांवर सोपवावी. सूक्ष्म गुरुत्वामुळे प्रवाशांची हाडे झिजली असतील, असे त्यात एका जुन्या ध्वनिचित्रफितीत सांगितले आहे. खऱ्या स्थानकात व्यायाम पुरेसा झाला नाही तर कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घटते, म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. पण ॲक्सिअमवरची माणसे तर खुर्चीतून पडली की धाडकन जमिनीवर आदळतात! अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडेही पृथ्वीवर झिजतात. मग या प्रवाशांची हाडे नेमकी कशाने झिजली?