माळवदाचा गारवा, स्लॅबचा ताप

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टरसाहेब, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झोपेची गोळी द्या." घर कसले आहे असे विचारले, की बहुधा उत्तर येते : वर उघडा स्लॅब, नाही तर पत्रे. अशा वेळी औषध आधी छताला द्यावे लागते.

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. अंगणात वारा गार, खोलीत मात्र भट्टी. दिवसाच्या तापातून सावरायला शरीराला रात्रीचा गारवा लागतो. तो लागोपाठ काही रात्री मिळाला नाही, तर म्हातारी माणसे, तान्ही मुले, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रोगी लवकर खचतात.

जर्मनीसारख्या देशात गच्चीवर मातीचा थर देऊन गवत, झुडपे लावतात. स्लॅबवर सावली पडते आणि पानांतून पाण्याची वाफ निघून गारवा येतो. आपल्या माठातले पाणी याच रीतीने गार होते. अशा पुष्कळ गच्च्या झाल्या तर गल्लीचाही ताप उतरतो, आणि पावसाचे पाणी माती धरून ठेवत असल्याने नाल्यांवरचा भार कमी होतो.

आपल्याला हे नवे वाटू नये. लातूर, नांदेड, धाराशिवकडची माळवदे म्हणजे दुसरे काय होते? लाकडी तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचे आणि भर उन्हाळ्यात खाली दुपारची झोप लागायची.

पण याच मातीने माणसे गाडली, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थरावर थर चढलेले, कुठे कुठे माती दोन फुटांपर्यंत, आणि भिंती दगडमातीच्या. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, सुमारे साडेचार टन. भिजली की त्याहून जास्त. ते झोपलेल्या माणसांवर आले. हजारो जीव गेले. पुढे लोकांनी माळवदे सोडली, हे योग्यच झाले. मात्र पत्र्याखाली आणि स्लॅबखाली ऊन घरात आले.

म्हणून गारवा हवा, वजन नको. गच्चीवर बाग करायची तर आधी इंजिनियरला स्लॅब दाखवा. शेतातली काळी माती वर नेऊ नका. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि गांडूळखत मिसळून चार-सहा इंचांचा थर भाजीपाल्याला चालतो. जड कुंड्या मधोमध न ठेवता बीमवर ठेवा. जुना, गळका स्लॅब असेल तर हा नाद सोडा. पत्र्याच्या घराला माझ्या मते भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल उत्तम : मूळ जमिनीत, सावली छपरावर.

पाण्याचे काय, असे लातूरकर विचारतील, आणि त्यांना तो हक्क आहे. २०१६ साली त्यांनी मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला. तेवढेही नसेल तर गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. पांढरे छत ऊन परतवते. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांत हाच उपाय केला गेला.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या करा. डेंग्यूचा डास तेवढ्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. गारव्यासाठी लावलेल्या बागेने घरात ताप आणायला नको.

आणि झाडांना पाणी सकाळी लवकर घाला. उन्हात कोणाचे अंग भाजल्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणून अंग पाण्याने भिजवा, वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका आणि लगेच दवाखाना गाठा.