लग्न नाही, देश दोन, मूल कोणाकडे?

आई आणि वडील इंग्लंडमध्ये एकत्र राहत होते, लग्न केलेलं नव्हतं. नातं तुटलं आणि आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन सोलापूरला माहेरी आली. वडील तिकडेच राहिले. अशा वेळी घरच्यांची पहिली चिंता ‘लोक काय म्हणतील’ ही असते. त्या चिंतेत जे महिने वाया जातात, तेच पुढे न्यायालयात सर्वांत महाग पडतात.

आधी आपला कायदा पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई असते. वडिलांचा क्रम तिच्यानंतर. इतर धर्मीयांसाठी वैयक्तिक कायद्यांबरोबर १८९० चा पालक व पाल्य अधिनियम लागू होतो. त्याच कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या बाजूने निकाल दिला. वडिलांचं नाव उघड न करता, त्यांना नोटीस न देताही तिला पालकत्वासाठी अर्ज करता येतो, असं न्यायालयाने म्हटलं.

याचा अर्थ वडिलांना दार बंद आहे, असा मात्र नाही. ताबा किंवा भेटीचा हक्क ते न्यायालयाकडे मागू शकतात. मूल जिथे नेहमी राहतं, तिथल्या न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. मूल सोलापुरात रुळलेलं असेल, तर परदेशातल्या वडिलांनाही सोलापूरचंच न्यायालय गाठावं लागेल. निर्णयाची कसोटी एकच: मुलाचं हित.

गुंता होतो तो सीमा ओलांडल्यावर. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून, जन्मनोंदणीत आईबरोबर नाव नोंदवलेल्या अविवाहित वडिलांना पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी मिळते. त्यांच्या संमतीविना मूल देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा ठरू शकतं. म्हणजे इथे जी आई कायद्याने पहिली पालक, तीच तिथे कायदा मोडणारी ठरू शकते. जर्मनीत उलट स्थिती आहे: पालक अविवाहित असतील, तर दोघांनी संयुक्त जबाबदारीची अधिकृत घोषणा केल्याशिवाय किंवा न्यायालयाने तसा आदेश दिल्याशिवाय पालकत्व एकट्या आईकडे राहतं.

असं परस्पर नेलेलं मूल तातडीने मूळ देशात परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. शंभराहून अधिक देश त्यात सामील आहेत, भारत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा या विषयावर अहवाल दिला. निर्णय झालेला नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा ताब्याचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. तो विचारात घेण्याजोग्या बाबींपैकी एक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात पुन्हा सांगितलं.

महाराष्ट्राशी जोडलेले दोन निकाल यासाठी वाचण्यासारखे आहेत. दोन्ही विवाहातून आलेले, पण कसोटी हीच. एलिझाबेथ दिनशॉ खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने ताबा आईला दिला असताना वडिलांनी जानेवारी १९८६ मध्ये मुलाला पुण्याला आणलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मुलाला आईकडे परत पाठवलं. धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे खटल्यात आई वर्षाच्या आतल्या बाळाला अमेरिकेतून भारतात घेऊन आली. १९९७ मध्ये निकाल लागला तेव्हा मुलाची सारी शाळा इथेच झाली होती. अमेरिकेत शिक्षण चांगलं मिळेल, एवढ्यावरून त्याला आईपासून तोडता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही निकालांत वेळेला मोठं वजन होतं. काही महिन्यांत मूल रुजत नाही, बारा वर्षांत रुजतं.

म्हणून करायच्या गोष्टी लवकर करा. मुलाच्या जन्मनोंदणीचा दाखला आणि दोघांमधली संमती लेखी ठेवा. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करा. ताबा, भेटी, व्हिडिओ कॉल, सुट्ट्या, खर्च यांवर समझोता झाला, तर त्यावर दोन्ही देशांतल्या न्यायालयांचे सारखे आदेश घ्या. मुलाच्या पोटगीसाठी आईवडिलांचं लग्न झालेलं असण्याची अट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ तसं स्पष्ट सांगतं. मूल कुणी परस्पर नेलं असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

सरकारने हेग कराराबाबतचा निर्णय आता आणखी लांबवू नये. आणि नातेवाइकांना एकच विनंती: आईवडिलांच्या लग्नाचा निवाडा करत बसू नका, मुलाचे कागद आणि दोघांशीही त्याच्या भेटी सुरळीत होतील हे पाहा. आई आणि वडील दोघेही मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे.