नर किती, मादी किती?

परसातल्या पपईला लांब देठावर फुलांचे घोस लोंबू लागले, की घरातले जाणते माणूस म्हणते, 'नर निघाला, काढून टाका.' तोवर चार-पाच महिने पाणी घालून झालेले असते! बी किंवा कोवळे रोप नुसते पाहून नर-मादी ओळखता येत नाही, हीच खरी अडचण.

एकोणिसाव्या शतकात नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतकऱ्यांपुढेही हीच अडचण होती. त्या काळी सरकारी देखरेखीखाली ही लागवड होई. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने तिची चौकशी केली. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळेने चिकट झालेले फुलोऱ्याचे शेंडे. परागकण वाऱ्यावर उडतात. थोडे नर राहिले तरी माद्यांत बी धरते आणि मालाचा कस उतरतो. म्हणून फुले उमलण्याआधीच नर हुडकून उपटत. बंगालात या कामासाठी 'पोद्दार' नावाचे पारखी असत. म्हणजे सुमारे निम्मी रोपे वायाच!

निम्मीच का? या वनस्पतीत माणसासारखीच लिंग-गुणसूत्रे असतात. मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय. नराच्या निम्म्या परागकणांत एक्स, निम्म्यांत वाय. मादीकडून येतो तो एक्सच. म्हणून संतती सरासरीने निम्मी-निम्मी.

आता विचार करा : परागकणही मादीचेच मिळाले तर? दिल्ली विद्यापीठातील प्रा. एच. वाय. मोहन राम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की चांदीच्या संयुगांमुळे मादी झाडावर नर फुले येतात आणि त्यांतील परागकण कार्यक्षम असतात. या झाडात वाय गुणसूत्र नाहीच. मग परागकणांत ते येणार कोठून? अशा परागणातून होणारी संतती एक्स-एक्स, म्हणजे मादीच. त्याआधी १९७० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत, इथिलीन वायू सोडणाऱ्या रसायनाने नर झाडावर मादी फुले आणली गेली होती. चांदी इथिलीनचे कार्य रोखते. दोन्ही प्रयोग एकमेकांना पूरक ठरतात. गुणसूत्रे कल ठरवतात, पण फूल कोणते यावे यात संप्रेरकांचाही हात असतो. केवळ मादी फुले देणारे काकडीचे वाण टिकवण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

१९८५ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. वर्गासाठी पपईच बरी. नर-मादी वेगळे असणाऱ्या पपईच्या बागेत सगळे नर काढून चालत नाही. परागणासाठी दहा माद्यांमागे एखादा ठेवावा लागतो. काही वाणांत मात्र नर नसतातच. मादी आणि द्विलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे येतात, आणि दोन्हींना फळे धरतात.

विद्यार्थ्यांना विचारा : द्विलिंगी पपईत एक्स आणि वेगळ्या प्रकारचा वाय असतो, दोन वाय एकत्र आले तर गर्भ जगत नाही. मग अशा झाडाच्या स्वपरागणातून मादी किती, द्विलिंगी किती? चौकट मांडली की उत्तर सापडेल : एकास दोन. मग गावातल्या बागेत जाऊन झाडे मोजा. दहा झाडांत हे प्रमाण जुळेलच असे नाही. शंभरांत बरेच जवळ येईल. तसे का, हा पुढच्या तासाचा प्रश्न!